नळीचा सांधा

संधी शिकविता शिकविता माझी वीस वर्षे गेली. दोन स्वर शेजारी आले की एकमेकांत कसे मिसळतात, हे मी झोपेतही सांगेन. पण पितळ आणि प्लॅस्टिक शेजारी आणले तर ती काय करतात, हे कळण्यासाठी मला यंदाच्या मे महिन्यात चिरंजीवांची बोट रंकाळ्यात बुडवावी लागली!

बोट म्हणजे हातभर लांबीची, बॅटरीवर चालणारी, काठावरून बिनतारी यंत्राने वळविता येणारी. हा खेळ काही आजचा नव्हे. निकोला टेस्लाने १८९८ साली न्यू यॉर्कमध्ये अशी बोट लोकांना चालवून दाखविली होती, ही माहिती चिरंजीवांनीच मला दिली. लहरी हवेतून कुठेही जातात. पण मोटारीचा जोर पाण्यातल्या पंख्यापर्यंत न्यायचा तर बोटीला भोक पाडावेच लागते. त्या भोकात पितळेची नळी बसवितात आणि नळीतून पोलादी दांडा फिरतो. नळीचा सांधा सुटला, की आपणच पाडलेल्या भोकातून पाणी आत!

मुलाने वर्षभर पैसे साठवून सामान आणले होते. "बाबा, नळीचे काम उद्या सावकाश करू," असे तो सांगत होता. घाई मलाच होती. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा वाट पाहत होता. मी झटपट चिकटणाऱ्या डिंकाचे चार थेंब नळीभोवती सोडले आणि "झाले!" म्हणून हात झटकले.

दुसऱ्या दिवशी बोटीने डौलात दोन फेऱ्या मारल्या. तिसरीत ती मागून खाली बसू लागली. पोहणाऱ्या एका पोराने ती बाहेर काढली, तेव्हा नळी पडायला आलेल्या दातासारखी हलत होती आणि आतली यंत्रे निकामी झाली होती. मुलगा एक शब्दही बोलला नाही. रागावला असता तर बरे वाटले असते.

उद्यमनगरात आमच्या ओळखीचे एक वृद्ध टर्नर आहेत. त्यांनी नळीवरून बोट फिरविले.

"सर, ह्येला तेल हाय. आन् आरशावानी गुळगुळीत. डिंक धरंल कशाला?"

मग त्यांनी मुलाला जवळ बसवून सारे त्याच्याकडून करून घेतले. मला नुसते पाहायला सांगितले.

आधी जुना डिंक खरवडला. नळीचा चिकटायचा भाग पॉलिश पेपरने आडवातिडवा घासला, भोकाच्या कडाही घासल्या, आणि सगळे स्पिरिटने पुसले. त्यावर पुन्हा बोट लावायचे नाही! मग मोटार आणि दांडा यांच्यामध्ये तात्पुरते ताठ नळकांडे घालून दोघांना एका रेषेत आणले. रेष चुकली तर दांडा प्रत्येक फेऱ्याला नळीला हिसका देतो, आणि फेरे तर मिनिटाला हजारो! माझा डिंक कडक, पण ठिसूळ. त्या थरथरीनेच तो तडकला होता.

नंतर इपॉक्सीचे दोन्ही भाग सारखे घेऊन कालविले, त्यात लाकडाचा बारीक भुसा मिसळून ते दाट केले आणि नळीभोवती आतून उतरता बांध घातला. नळीच्या वरच्या टोकाला लाकडाचा टेकू दिला. वंगण मात्र सांधा वाळल्यावरच भरायचे. आधी भरले तर तेच सांध्यावर पसरते.

"पाच मिनिटांत धरणारे इपॉक्सीही मिळते ना?" मी विचारले.

"मिळतंय की. पर रेष चुकली तर सरळ करायला वेळ नगं व्हय?"

बोट रात्रभर तशीच राहिली.

स्वरांचा संधी होताना स्वर बदलतात. पितळ आणि प्लॅस्टिक बदलत नाहीत. म्हणून दोघांनाही आधी खरचटून घ्यावे लागते. हे व्याकरण मला नवे होते.

निकामी यंत्रांचे पैसे मी भरले. बोट आधी घरी टबात तासभर ठेवली, आतला कागद कोरडा निघाला, तेव्हाच ती रंकाळ्यावर नेली. चांगल्या दहा फेऱ्या झाल्या.

आता दिवाळीच्या सुट्टीत दुसरी बोट करायचे ठरले आहे. कामाची वाटणीही झाली आहे.

"बाबा, नळी तुम्ही घासा," चिरंजीव म्हणाले, "डिंक मात्र मी लावीन."