गावातल्या चौकाला परदेशी गावाचं नाव का? जाणून घ्या जर्मनी-फ्रान्सच्या 'जुळ्या गावां'ची गोष्ट

जर्मनीतल्या अनेक लहान गावांच्या वेशीवर एक वेगळी पाटी दिसते. गावाच्या नावासोबत तिच्यावर फ्रान्समधल्या एका गावाचंही नाव असतं. काही ठिकाणी तर गावातल्या चौकालाच त्या फ्रेंच गावाचं नाव दिलेलं असतं. मैत्रीचा वर्धापनदिन आला की चौकात दोन्ही देशांचे झेंडे लागतात, बँड वाजतो, लांब टेबलं मांडली जातात. बसमधून आलेले फ्रेंच पाहुणे यजमानांच्या शेजारी बसून जेवतात. पुढच्या खेपेला जर्मन मंडळी बसने फ्रान्सला जातात.

वरवर पाहिलं तर ही गावजत्राच वाटेल. पण ७५ वर्षांत तीन युद्धं लढलेले हे दोन देश आहेत, हे लक्षात घेतलं की त्या जेवणाचा अर्थ बदलतो.

जुळी गावं म्हणजे नेमकं काय?

दोन गावांच्या किंवा शहरांच्या स्थानिक कारभाऱ्यांनी मैत्रीचा ठराव करायचा आणि दोन्हीकडच्या महापौरांनी त्यावर सह्या करायच्या, इतकी साधी ही पद्धत आहे. खरं काम मात्र गावातल्या स्वयंसेवकांची समिती करते. शाळांच्या सहली, फुटबॉलचे सामने, गायनमंडळांचे कार्यक्रम ती ठरवते. पाहुण्यांची सोय शक्यतो हॉटेलात न करता लोकांच्या घरीच केली जाते.

सुरुवात कुणी केली?

१८७०, १९१४ आणि १९३९ अशी तीन युद्धं दोन्ही देशांनी पाहिली होती. दुसरं महायुद्ध संपून जेमतेम पाच वर्षं झाली असताना, १९५० मध्ये फ्रान्समधलं माँबेलियार आणि जर्मनीतलं लुडविग्सबर्ग ही शहरं जोडली गेली. युद्धानंतरची ही पहिली जर्मन-फ्रेंच जोडी.

माँबेलियारचे तेव्हाचे महापौर होते ल्युसियाँ तारादँ. युद्धात ते फ्रेंच प्रतिकार चळवळीत होते आणि नाझींच्या बुखेनवाल्ड छळछावणीतून जिवंत परतले होते. ज्या देशाच्या राजवटीने आपल्याला छावणीत डांबलं, त्याच देशातल्या एका शहराशी मैत्री करायला हा माणूस तयार झाला.

मग सरकारांनी काय केलं?

सरकारं मागाहून आली. फ्रान्सचे अध्यक्ष शार्ल द गॉल यांनी ९ सप्टेंबर १९६२ रोजी याच लुडविग्सबर्गमध्ये जर्मन तरुणांसमोर जर्मन भाषेत भाषण केलं. २२ जानेवारी १९६३ रोजी द गॉल आणि जर्मनीचे चॅन्सेलर कोनराड आडेनाउअर यांनी एलिझे मैत्री करारावर सह्या केल्या. त्याच वर्षी स्थापन झालेल्या जर्मन-फ्रेंच युवा कार्यालयाच्या कार्यक्रमांत आजवर ९० लाखांहून अधिक तरुण सहभागी झाले आहेत.

क्रम लक्षात घ्या. शहरांची मैत्री १९५० ची, देशांचा करार १९६३ चा. आज दोन्ही देशांत अशा सुमारे २,२०० जोड्या आहेत. नेटवर्कमध्ये एक मुख्य केबल तुटली तरी पर्यायी जोडण्या असतील तर काम अडत नाही. इथेही तसंच आहे. ऊर्जा, संरक्षण किंवा शेती अशा विषयांवर पॅरिस आणि बर्लिनचं अनेकदा बिनसतं. पण गावांमधल्या या जोडण्या चालू राहतात.

आता अडचण काय आहे?

युद्ध पाहिलेली पिढी संपत आली आहे. अनेक समित्यांमधले कार्यकर्ते साठी-सत्तरी ओलांडलेले आहेत. स्वस्त विमानं आणि स्मार्टफोन असलेल्या तरुणाला फ्रान्स पाहायला समितीच्या बसची गरज उरलेली नाही. आपल्याकडे मॅक्स म्युलर भवन चालवणाऱ्या गोएथे इन्स्टिट्यूटने २०२३ मध्ये फ्रान्समधली बोर्दो आणि लिलची केंद्रं बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. २०१९ च्या आखेन करारानंतर छोट्या नागरी उपक्रमांना पैसे देणारा संयुक्त निधी सुरू झाला, ही त्यातली जमेची बाजू. पण निधीतून बसचं भाडं निघेल, पाहुण्याला घरात ठेवून घेणारं कुटुंब कुठून आणणार?

आपल्याशी याचा काय संबंध?

पुणेकरांनो, औंधचा ब्रेमेन चौक आठवा. जर्मनीतल्या ब्रेमेन शहराशी असलेल्या मैत्रीतूनच ते नाव आलं आहे. मुंबई आणि श्टुटगार्टही १९६८ पासून जोडलेली शहरं आहेत. पण रोज त्या चौकातून गाडी काढणाऱ्या किती जणांना हे माहीत असतं?

चौकाला नाव द्यायला एक ठराव पुरतो. त्या नावाला अर्थ मात्र पाहुण्यासाठी घराचं दार उघडल्यावरच येतो. छळछावणीतून परतलेला एक महापौर पुढाकार घेऊ शकला. त्या मानाने आपली अडचण फारच किरकोळ आहे.