वाशीम म्हणजे वाशी नव्हे!

नव्या ऑफिसात पहिल्या लंचला प्रश्न ठरलेला. ‘गाव कुठलं?’
‘किन्हीराजा.’ समोरचा चेहरा कोरा.
‘तालुका मालेगाव.’ ‘अच्छा, पॉवरलूमवालं!’ नाही हो, ते नाशिकचं.
‘जिल्हा वाशीम.’ ‘म्हणजे वाशीच्या पुढे?’

काहून असं करता राजेहो? म्हणून या आठवड्यात आमचं वऱ्हाड.

सुरुवात थकलेल्या ईएमआयपासून करू. निजामाच्या नावाने एक फौज होती. अधिकारी इंग्रज, पगाराचं बिल मात्र निजामाला. बिल थकलं आणि १८५३मध्ये इंग्रजांनी वसुलीसाठी वऱ्हाड ताब्यात घेतलं. कापसाची काळी जमीन, सोडतो कोण! मालक निजाम, कारभार साहेबाचा. १९०२मध्ये लॉर्ड कर्झनने तर ते कायमच्या भाडेपट्ट्यानेच घेतलं, वर्षाला २५ लाख रुपयांवर. अख्खा प्रांत भाड्याने आणि भाडं फिक्स! माझा घरमालक दर अकरा महिन्यांनी दहा टक्के वाढवतो. प्रांतातल्या माणसांना अर्थातच कोणी विचारलं नाही.

१९३६मध्ये निजामाच्या मान राखण्यासाठी त्याच्या वारसाला किताब मिळाला, ‘प्रिन्स ऑफ बेरार’. बेरार म्हणजे आपलं वऱ्हाडच. या प्रिन्सची, आझम जाहची बायको कोण? दुर्रुशेहवार, तुर्कस्तानच्या शेवटच्या खलिफाची मुलगी. खलिफा हद्दपार होऊन फ्रान्समध्ये राहत होता, म्हणून लग्न लागलं नीस शहरात, १९३१ साली. म्हणजे इस्तंबूलच्या राजघराण्यातली मुलगी झाली आमच्या वऱ्हाडची युवराज्ञी. लंचला हे सांगितलं की डबे तसेच उघडे राहतात.

आणि अजिंठ्याला फोटो काढून आलात ना? तिथलं १६ नंबरचं लेणं वराहदेवाने कोरवून घेतलं. तो वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री, पाचव्या शतकातला. हरिषेणाच्या घराण्याची राजधानी होती वत्सगुल्म, म्हणजे आजचं वाशीम. बोला आता.

१ जुलै १९९८ला वाशीम पुन्हा जिल्हा झाला. ‘पुन्हा’ अशासाठी, की इंग्रजी अमलातही तो जिल्हा होता. १९०५मध्ये मोडून अकोल्यात घातला. माझ्या शाळेच्या दाखल्यावर त्यामुळे अकोला, आधार कार्डावर वाशीम. परवा एचआरच्या मुलीने दोन्ही कागद समोर ठेवले, ‘सर, यातलं खरं कोणतं?’

म्हटलं, बस. दोन चहा सांगतो.