पिकअपचा टायर : किंमत आधी की वजन आधी?

वाणगावची मिरची वाशीच्या बाजारात, डहाणू-सातपाटीची मासळी मुंबईत आणि तारापूर एमआयडीसीतला माल भिवंडीच्या गोदामात पोचतो तो बहुतेक पिकअपच्या चार चाकांवर. आपल्या अनेक व्यापारी आणि कारागीर बांधवांची रोजी याच चाकांवर आहे. तरीही टायर बदलायची वेळ आली की दुकानात पहिला प्रश्न असतो, "सर्वांत स्वस्त कोणता?" आमच्या मते पहिला प्रश्न असा हवा, "हा टायर वजन किती पेलतो?"

उदाहरण घ्या. १८५ आर १४ मापाचा, आठ प्लायचा एलटी टायर, म्हणजे हलक्या मालगाडीसाठी बनवलेला. त्यावर १०२ हा भार-क्रमांक असतो. त्याचा अर्थ एका टायरवर ८५० किलो. त्याच १४ इंची रिमवर मोटारीचा १८५/६५ आर १४ टायरही चढतो, पण त्याचा भार-क्रमांक साधारण ८६, म्हणजे ५३० किलो. मागच्या दोन चाकांवर हिशेब केला तर एकीकडे १७०० किलो, दुसरीकडे १०६०. रिमवर बसला म्हणून टायर चालला, असे होत नाही. जादा भार, कमी हवा आणि वेग एकत्र आले की टायर आतून तापतो. मग एप्रिल-मेच्या उन्हात मनोर-चारोटीच्या महामार्गावर तो फुटला, तर वाचवलेल्या पैशांची किंमत चालकाला आणि समोरून येणाऱ्या निरपराध माणसाला मोजावी लागते.

टायरच्या बाजूवर चार आकड्यांची तारीखही असते. १८२४ म्हणजे २०२४ सालचा अठरावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी जुने रबर कडक होते, भेगा पडतात. असा माल 'नवा' म्हणून घेऊ नये. आयएसआय खूण पाहावी. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की कायद्यानेही टायर बाद होतो. रबर चढवलेला टायर पुढच्या चाकाला तर लावूच नये.

आता चाकांकडे वळू. तरुण मंडळींना रुंद टायर आणि चकचकीत अलॉय हवे असतात. पण मोठे चाक माल भरल्यावर मडगार्डला घासते, स्पीडोमीटर खरा वेग दाखवत नाही आणि रिम कितीचा भार पेलते हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. कंपनीच्या मापाची लोखंडी डिस्क दिसायला साधी, पण मालगाडीला तीच योग्य. मासळी वाहणाऱ्यांनी खारे पाणी धुऊन काढावे आणि गंज चढलेली डिस्क वेळीच बदलावी.

"धंदा मंदा आहे, चार टायर एकदम कुठून आणायचे?" हा प्रश्न रास्त आहे. चार जमत नसतील तर दोन घ्या, पण एकाच अ‍ॅक्सलवर एकाच मापाची, एकाच जातीची जोडी लावा. एकीकडे नायलॉन, दुसरीकडे रेडियल असे करू नका. दर फेरीतून थोडी रक्कम टायरसाठी बाजूला काढली तर वेळेवर उसनवारीची पाळी येत नाही. बिल पक्केच घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे. नियमित नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला मालवाहू गाडीच्या टायरवरील कराची वजावट मिळते. बिल नसेल तर वॉरंटीचा दावाही अडतो.

शेवटी एक गोष्ट. उत्तम टायरही क्षमतेपेक्षा जास्त माल माफ करत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भाराला २० हजार रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार. एका जादा फेरीचे डिझेल त्याहून कितीतरी स्वस्त पडते. माल दोन फेऱ्यांत न्या, पण चालकाला सुखरूप घरी येऊ द्या.