आत्याचा फोटो कुणी कापला?

गटाच्या बैठकीत एकदा मी बायकांना एक साधं काम सांगितलं. कागदावर आपल्या आईचं, आजीचं आणि पणजीचं नाव लिहायचं. सासरचं नाव नको, लग्नाआधी तिला ज्या नावानं हाक मारत होते ते. वीस-बावीस जणी होत्या. निम्म्या आजीपाशीच अडल्या. "आम्ही तिला आईच म्हणायचो," "सगळं गाव तिला थोरल्याची आई म्हणायचं," अशी उत्तरं आली. पणजीचं नाव एकीलाही सांगता आलं नाही. मी मनातल्या मनात निष्कर्ष काढायला लागले होते, तेवढ्यात मागून एक आवाज आला, "ताई, तुमच्या पणजीचं काय हो?"

मलाही येत नव्हतं. एम.एस.डब्ल्यू.च्या वर्गात आम्हांला कुटुंबाचा आराखडा काढायला शिकवलं होतं. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ. कितीतरी परक्या घरांचे आराखडे मी काढले, पण माझ्याच घराच्या वरच्या ओळीतली वर्तुळं बिननावाची होती.

यात आश्चर्य काही नाही. ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीनं नवं नाव लिहायची रीत आपण सगळ्यांनी पाहिली आहे. तिथं जुनं नाव पुसलं जातं आणि पुढं आयुष्यभर उखाण्यात घ्यायचं ते नवऱ्याचं नाव. वंश लक्षात ठेवायची व्यवस्था मात्र आपल्याकडे भक्कम होती. कोल्हापूर-सांगलीकडे हेळवी येऊन घराण्याच्या पिढ्या वाचून दाखवत. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यांकडे नामावळ्या आहेत. शिकल्या-सवरल्या घराण्यांनी जाडजूड कुलवृत्तांत छापले. पण या सगळ्यात वंश पुढं सरकतो तो बापाकडून मुलाकडे. लेक 'अमुक गावी दिली' एवढ्यावर संपते आणि सून कुणाची तरी पत्नी म्हणून सुरू होते.

म्हणून आम्ही गटात 'घरची वही' सुरू केली. शहरात याला स्क्रॅपबुक म्हणतात. रंगीत कागद, लेस, चिकटवायची फुलं यांचं सामान दुकानात विकत मिळतं. आमच्याकडे दोनशे पानी वही, डिंक आणि घरातल्या पत्र्याच्या पेटीच्या तळाशी जे काही होतं ते. चळवळीतल्या माझ्या एका ज्येष्ठ मैत्रिणीनं ऐकल्याबरोबर कपाळाला हात लावला. "पोटगीच्या केसेस पडल्यात, पाण्याचा मोर्चा आहे, आणि तू बायकांना चित्रं चिकटवायला बसवतेस?" हा लेख खरं तर तिला दिलेलं उत्तर आहे. आधी मलाही ती फावल्या वेळची करमणूकच वाटली होती. पेट्या उघडायला लागल्यावर मत बदललं.

आमचा भाग माण-खटावकडचा, दुष्काळी. घरटी एक तरी पुरुष मुंबईला, गिरणीत नाहीतर माथाडीत. एका बाईनं पेटीतून वाकवलेली तार काढली. तिला तिच्या सासूनं मनीऑर्डरची कुपनं ओवून ठेवली होती. पोस्टमन पैसे मोजून देताना खालचं कुपन फाडून हातात ठेवायचा. त्यावर दोन ओळी लिहायला जागा असे. 'पैसे पाठवले आहेत. बैलाचा हप्ता भरणे. मुलांना शाळेत घालणे.' सासूला अक्षर येत नव्हतं. पोस्टमन वाचून दाखवी, ती अंगठा उठवी आणि कुपन तारेला लावून टाकी. नवऱ्याची पत्रं म्हणजे तिच्यासाठी एवढीच. तारेवरचं शेवटचं कुपन फेब्रुवारी १९८२ चं आहे. १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला होता.

त्या घरात संपाची गोष्ट नेहमी सांगितली जाते. दत्ता सामंतांच्या सभा, गिरणीचा बंद दरवाजा, आजोबांचं गावी परत येणं. कुपनं थांबल्यावर सात माणसांचं घर कशावर चाललं, हे मात्र कुणी कधी सांगितलं नव्हतं. वही करताना सुनेनं म्हातारीला विचारलं. ती म्हणाली, "कशावर म्हंजी? रोजगार हमीवर." पाझर तलावाची माती टाकली, खडी फोडली, एक वासरू विकलं, आणि वर्षभर दळण उसनं आणलं. कुणाकडून किती पायली आणलं आणि कधी फेडलं, ते तिला अजून तोंडपाठ होतं. सुनेनं ते कुपनांच्या समोरच्या पानावर जसंच्या तसं उतरवून घेतलं. वही वाचल्यावर थोरला मुलगा म्हणाला, "हे आम्हांला कधी सांगितलं नाहीस." म्हातारीचं उत्तर, "तुम्ही कधी इचारलं?"

असं विचारून ठेवण्याचं काम आपल्याकडे काही जणींनी फार मोलानं केलं आहे. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना शोधून त्यांच्या मुलाखती घेतल्या, म्हणून 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक १९८९ मध्ये उभं राहिलं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या लाखावर ओव्या गोळा केल्या. १९८८ पासून मुंबईत 'स्पॅरो' ही संस्था बायकांच्या मुलाखती, फोटो, कागदपत्रं जपते आहे. पण प्रत्येक घरी कुणी संशोधक येणार नाही. तेव्हा विचारायचं काम घरातल्याच कुणीतरी करायला हवं.

आता शीर्षकातल्या फोटोविषयी. एका घरातल्या भिंतीवरच्या चौकटीत १९७८ सालच्या लग्नाचा गटफोटो होता. उजव्या कडेची एक बाई सरळ रेषेत कापलेली. खांद्यावर ठेवलेला तिचा हात तेवढा राहिला होता. हात कुणाचा, या प्रश्नावर घर गप्प. शेवटी धाकट्या सुनेनं शोधून काढलं. ती नवऱ्यानं टाकलेली आत्या. माहेरी परत आली, चार वर्षं राबली आणि मग जमिनीत वाटा मागितला. त्यानंतर फोटो कापला गेला.

याला निव्वळ भावनेचा मामला समजू नका. बाप वारला की वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे वंशावळीचं प्रतिज्ञापत्र जातं. त्यात बहिणींची नावं गाळायची, हे आमच्या भागात इतकं सरावाचं आहे की लिहिणाऱ्याचा हातही थांबत नाही. नावं घातलीच, तर पाठोपाठ हक्कसोडपत्र आणि साडीचोळी. कायदा आपल्या बाजूनं बदलत आला आहे. वडिलोपार्जित मालमत्तेत लेकींना वाटा देणारी दुरुस्ती महाराष्ट्रानं १९९४ मध्ये केली, पण आधी लग्न झालेल्यांना त्यातून वगळलं. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीनं तो भेद काढला. बाप तेव्हा हयात नसला तरी लेकीचा हक्क राहतो, असा निकाल २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिला. पण ज्या बाईचं नाव घरातल्या पुतण्यांनाच माहीत नाही, तिच्या बाजूनं चावडीवर साक्ष कोण देणार? घराच्या भिंतीवरून गेलेली बाई सातबाऱ्यावरून सहज जाते.

पोटगीचंही तसंच. पोटगीच्या अर्जाला लग्नाचा काटेकोर पुरावा लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं वेळोवेळी सांगितलं आहे. तरी नवऱ्यानं "ही माझी बायकोच नव्हे" म्हटलं की तालुक्याच्या कोर्टात पहिला प्रश्न येतो, फोटो आहे का, पत्रिका आहे का? मारहाण होऊन रात्री घराबाहेर पडलेल्या बाईजवळ यातलं काही नसतं. लग्नाचा अल्बम सासरच्या कपाटात. आमच्या गटातल्या एका मैत्रिणीच्या मावशीनं वहीत पत्रिका जपली होती, म्हणून तिचं काम निभावलं. तेव्हापासून आम्ही प्रत्येकीला सांगतो, पत्रिका आणि दोन फोटो माहेरच्या वहीत राहू देत.

वहीचा धोकाही आहे. फोटोत सगळे हसतात. लेस लावलेल्या पानावर घर फार गोड दिसतं आणि मार खाल्लेली बाईसुद्धा 'आमचं सुखी कुटुंब' असं रंगीत अक्षरांत लिहून मोकळी होते. आम्ही तिला अडवत नाही, पण तसं लिहायला सांगतही नाही. उलट बाजूनं कार्यकर्तींचा एक लोभ असतो, सगळं बाहेर यावं, सगळं लिहिलं जावं. हा लोभ माझ्यातही होता. एकीनं दोन पानं लिहिली आणि टाचण्या लावून बंद केली. मी विचारलं तर म्हणाली, "हे ज्यांनी केलं ते अजून घरात आहेत." मी गप्प बसले. जिनं सोसलं, तिच्या संमतीशिवाय तिची पानं कुणी उघडू नयेत, एवढा एक नियम गटानं त्या दिवशी केला.

थोडं कामाचं. जुना फोटो फेव्हिकॉलनं चिकटवू नका. कागदाचे कोपरे करून त्यात बसवा, म्हणजे पुन्हा काढता येतो. ऐंशी-नव्वदच्या दशकात घराघरांत आलेले चिकट पानांचे अल्बम फोटो पिवळे करतात. त्यातून निघत असतील तर हलक्या हातानं काढा, नाहीतर आहेत तसेच मोबाइलवर टिपून घ्या. फोटोमागे बॉलपेन दाबून लिहू नका, मऊ पेन्सिलीनं लिहा. आणि मूळ कागद लॅमिनेट करू नका. झेरॉक्सच्या दुकानात हौसेनं करून देतात, पण एकदा केलेलं सुखरूप निघत नाही. मूळ कागद पिशवीत, वहीत झेरॉक्स.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर महाराष्ट्रात बापाच्या आधी आईचं नाव लागतं. चांगलंच झालं. त्या आईच्या आईचं नाव आपल्यालाच लिहावं लागेल.

एक प्रश्न आमच्या गटात अजून सुटलेला नाही. कुपनांची तार जपणारी म्हातारी गेल्या पावसाळ्यात वारली. वही सुनेनं केलेली, मजकूर म्हातारीचा. आता मुलगा म्हणतो, वही घराण्याची, ती देव्हाऱ्याशेजारी राहील. लेक म्हणते, आईची वही मला हवी. सून म्हणते, मी लिहिलीय. तूर्त ती गटाच्या कपाटात आहे. आपापल्या गावात असं काही करून पाहिलेल्या मैत्रिणींनी, वही कुणाकडे ठेवली आणि का, ते जरूर लिहून कळवावं.