एस्सेलवर्ल्ड की इमॅजिका? फिरायला कुठे जायचं आणि धंदा कुणाकडून शिकायचा



सुट्ट्या जवळ आल्या की आपल्या लोणखेडा-शहादा भागात मला दोन प्रश्न हमखास ऐकू येतात. पहिला घरातल्या पोरांचा : "मुंबईकडे गेलो तर एस्सेलवर्ल्ड बघायचं की इमॅजिका?" दुसरा आपल्या बॅचमधल्या होतकरू मंडळींचा : "सर, रोडटच दोन एकर शेत आहे. त्यावर कर्ज काढून वॉटर पार्क टाकू का?"

वरवर बघितलं तर या दोन प्रश्नांचा एकमेकांशी संबंध नाही. पण पहिल्याचं उत्तर नीट शोधलं की दुसऱ्याचं आपोआप मिळतं. माझं मत आधीच सांगून टाकतो, मग कारणं बघू. सहलीसाठी इमॅजिका सरस आहे. धंद्याचा धडा मात्र या दोघांपेक्षा तिसऱ्याकडून घ्यावा. आणि दोन एकर शेत गहाण टाकून वॉटर पार्क? अजिबात नाही.

आधी दोघांची ओळख

एस्सेलवर्ल्ड १९८९ साली सुरू झालं. मुंबईत बोरिवलीच्या पलीकडे, गोराईला. सुभाष चंद्रा यांच्या एस्सेल समूहाचं हे काम. झी टीव्ही त्यानंतर, १९९२ साली आला. १९९८ मध्ये शेजारीच वॉटर किंगडम उभं राहिलं. ज्या काळात आपल्याकडे पाळणा म्हणजे जत्रेतला पाळणा एवढंच माहीत होतं, त्या काळात या पार्कने महाराष्ट्राला तिकीट काढून दिवसभर खेळायची सवय लावली. टीव्हीवरच्या जाहिरातीमुळे नाव तर खेड्यापाड्यात पोचलं.

इमॅजिका आलं २०१३ मध्ये. रायगड जिल्ह्यात खोपोलीजवळ, मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेच्या हाकेच्या अंतरावर. उभं केलं मनमोहन शेट्टी यांनी, म्हणजे अॅडलॅब्ज या फिल्म लॅबवाल्यांनी. सिनेमावाला माणूस असल्यामुळे प्रत्येक राईडला गोष्ट दिली. मिस्टर इंडिया, राजासॉरस, नायट्रो ही नावं पोरांना पाठ असतात. पुढच्या वर्षी वॉटर पार्क, मग मोठं हॉटेल, मग स्नो पार्क.

गिऱ्हाईक म्हणून तुलना

आपण इथून निघालो असं धरा. नंदुरबारहून सुरतमार्गे जाणारी मुंबईची गाडी बोरिवलीला उतरवते. तिथून रिक्षाने जेट्टी आणि जेट्टीवरून बोट. ज्या पोराने तापीशिवाय मोठं पाणी पाहिलेलं नाही, त्याच्यासाठी ती बोट हीच पहिली राईड. पण लक्षात घ्या, तीच बोट पार्कची अडचणसुद्धा आहे. रस्त्याने जायचं तर भाईंदर-उत्तनचा वळसा. म्हातारी माणसं, सामान आणि लहान मूल घेऊन चढ-उतार करताना जीव मेटाकुटीला येतो.

इमॅजिकाला रेल्वेने थेट पोचता येत नाही, पण गाडी असेल तर रस्ता सरळ. मुंबईवाला आणि पुणेवाला दोघंही सकाळी निघून रात्री घरी परत. मुक्काम करायचा तर पार्कला लागूनच हॉटेल. राईड नव्या, गोष्टी देशी. कोरोनात दोन्हीकडचे दरवाजे बंद झाले. वॉटर किंगडम पुन्हा सुरू झालं, पण एस्सेलवर्ल्डच्या कोरड्या राईड नंतरही बराच काळ बंदच राहिल्या. म्हणून सहलीसाठी माझं मत इमॅजिकाला. खिसा हलका असेल आणि फक्त पाण्यात डुंबायचं असेल, तर वॉटर किंगडम. कुठेही जा, पण आधी फोन करून काय चालू आणि काय बंद ते विचारूनच तिकीट काढा.

मालकाच्या खुर्चीत बसून बघा

आता खरा मुद्दा. इमॅजिका सरस होतं, तर मालकाला सोन्याचे दिवस यायला हवे होते. तसं झालं नाही. पार्क उभारायला दीड हजार कोटींच्या पुढे पैसा लागला आणि कर्ज हजार कोटींच्या वर गेलं. २०१५ मध्ये कंपनी शेअर बाजारात उतरली, तरी कर्ज काही फिटेना. त्यात २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा अशा पार्कच्या तिकिटावर २८ टक्के कर लागला. पुढच्या वर्षी तो १८ वर आणला गेला. मग कोरोना. शेवटी २०२२ मध्ये पार्कची मालकी बदलली.

गर्दी होती. नाव होतं. माल चांगला होता. तरी असं का? कारण पार्कचा खर्च गिऱ्हाईक मोजून होत नाही. रविवारी पाच हजार माणसं आली काय आणि मंगळवारी पाचशे आली काय, राईड चालवणारा, जीवरक्षक, पाणी शुद्ध करणारं मशीन, वीज आणि बँकेचा हप्ता, सगळं तसंच चालू. परीक्षा आल्या की धंदा थंड. पाऊस कोसळला की धंदा थंड. व्याज मात्र कधी थंड होत नाही.

मग जिंकलं कोण?

इमॅजिका घेतलं कुणी, माहिती आहे? मुंबईच्या कुठल्या बड्या घराण्याने नाही, संगमनेरच्या मालपाणी समूहाने. तालुक्याच्या गावातून मोठे झालेले उद्योजक. पण थेट खोपोलीला उडी मारली नाही. आधी शिर्डीत वॉटर पार्क केला. शिर्डी का? कारण तिथे माणूस साईबाबांसाठी येतोच. त्याला बोलवायला जाहिरातीवर पैसा ओतावा लागत नाही. आलेल्या कुटुंबाला फक्त आणखी अर्धा दिवस थांबायचं कारण द्यायचं. पुढे तिथेच साई तीर्थ हा भक्तीवर आधारलेला थीम पार्क आणि लोणावळ्यात वॉटर पार्क. लोणावळ्यातही तेच सूत्र, पर्यटक आधीच हजर. हा धंदा असा हातात बसल्यावर मग इमॅजिका, तेही दुसऱ्याने उभारून दमल्यानंतर.

यातली शिकवण सोपी आहे. गोराईला आणि खोपोलीला गिऱ्हाईक आणावं लागलं. शिर्डीला गिऱ्हाईक होतंच, दुकान त्याच्याकडे गेलं.

आणि खरं सांगू? हे शिकायला शिर्डीलाही जायची गरज नाही. आपली सारंगखेड्याची यात्रा बघा. दत्तजयंतीला घोडेबाजार भरतो, तापीकाठी माणसांचा पूर येतो. तेवढ्या दिवसांपुरता पाळणेवाला येतो, पाळणा उभा करतो, यात्रा उठली की सगळं ट्रकमध्ये भरून पुढच्या गावी. त्याच्याकडे एमबीएची डिग्री नाही. पण भाऊ, त्याचा पाळणा गर्दीच्या मागे फिरतो, गर्दीची वाट बघत उभा राहत नाही.

दोन एकरवाल्याने काय करावं?

आधी हिशोब. समजा ५० लाख कर्ज काढलं, व्याज १२ टक्के. वर्षाचं नुसतं व्याज झालं ६ लाख. तिकीट २०० रुपये ठेवलं आणि पाणी, वीज, पगार, कर जाऊन माणशी ५० रुपये उरले, तर फक्त व्याज भागवायला वर्षाला १२,००० माणसं लागतील. सीझन चार महिन्यांचा, म्हणजे १२० दिवस. रोज १०० माणसं, एकही दिवस न चुकता. मुद्दल अजून तसंच. तुमच्या घरचा पगार अजून धरलेलाच नाही. आता सांगा, लोणखेड्यात मंगळवारी दुपारी १०० तिकिटं कोण काढणार?

म्हणून माझा सल्ला असा :

१. गर्दी आधी शोधा. तोरणमाळला जाणारी गाडी शहाद्यावरून जाते. प्रकाशाला दर्शनाला लोक येतात. ही माणसं थांबून काय खातात, कुठे बसतात, पोरं कुठे रमतात? चार रविवार रोडवर उभे राहून वहीत मोजा. मोजल्याशिवाय एक रुपया घालू नका.

२. आहे त्यावर सुरू करा. पपईची बाग, केळीची बाग, विहीर, बैलगाडी हे शहरातल्या पोराला थीम पार्कच आहे. एका शाळेची तीस पोरं एका दिवसासाठी बोलवा. चुलीवरचं भरीत, कळण्याची भाकरी, बागेत फेरफटका. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० पासून आहे. पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते. धंदा चालतोय असं दिसलं की नोंदणी करूनच पुढे जा.

३. तिकिटापलीकडचं बघा. मोठे पार्क जेवण, लॉकर, पाण्यातले कपडे यांवरही कमावतात. तुमच्याकडे जाताना गिऱ्हाईक मिरची पावडर, पापड, लोणचं घेऊन गेलं पाहिजे. यात घरच्या ताईंचा बचत गट सोबत घ्या आणि त्यांचा वाटा आधी ठरवा.

४. सुरक्षेत काटकसर नको. विहिरीला जाळी, प्रथमोपचार पेटी, पोरांवर नजर ठेवायला वेगळा माणूस. एक अपघात झाला की धंदाही संपतो आणि गावातली पतही.

पहिली वीस माणसं पैसे देऊन आली आणि त्यातली पाच पुन्हा आली, तर समजा धंदा उभा राहू शकतो. मग पुढचं पाऊल टाका, तेही आलेल्या कमाईतून. शेत सात-बाऱ्यावर तुमच्याच नावाने मोकळं राहिलं पाहिजे. इमॅजिकाच्या मालकांना धंदा हातचा गेला तरी आयुष्य होतं. आपल्याकडे दोन एकर गेले की घरच जातं.

या सुट्टीत पार्कला जाणार असाल तर पोरांना मजा करू द्या, तुम्ही मात्र वही घेऊन जा. कुठे रांग लागते, कुठे पैसे जास्त सुटतात, कुठला कर्मचारी रिकामा उभा आहे, सगळं लिहून आणा. तिकिटाचे पैसे वसूल होतील.

तुमच्या गावाजवळ कुठली गर्दी आधीपासून आहे, ते व्हिडिओखाली लिहा. आपण त्यावर बोलू.