शेवटची बोट किती वाजता?

— तृतीय वर्ष कला (भूगोल)

सहलीचा विषय निघाला की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो : "एकूण ठिकाणं किती?" सूचनाफलकावर नोटीस लागते, आपण तिच्यापुढे गर्दी करतो आणि बोटांवर नावे मोजतो. तीन दिवसांत नऊ ठिकाणे असली तर सहल स्वस्त पडली. पाचच असली तर विभागप्रमुखांनी आपल्याला फसवले! मीही अशीच बोटे मोजणारी होते. माझी ही सवय मोडली ती जून २०२३ मध्ये, स्कॉटलंडच्या ग्लासगो शहरात, माझ्या मावशीच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर. प्रवासवर्णन लिहिण्याचा माझा मानस नाही. त्या टेबलावर झालेला वाद आणि त्यातून बनलेले माझे मत एवढेच वाचकांपुढे ठेवायचे आहे.

बारावीची परीक्षा संपली होती आणि मावशीने आग्रहाने बोलावून घेतले होते. मावसभाऊ, म्हणजे आमचा दादा, तिथेच वाढलेला आणि सायकलचा वेडा. त्याने माझ्यासाठी एक बेत योजून ठेवला होता. क्लाइड नदी जिथे समुद्राला मिळते तिथे ॲरन आणि ब्यूट ही दोन बेटे आहेत आणि त्यांच्या मधे मुख्य भूमीच्या दोन लांब जिभा समुद्रात उतरल्या आहेत. या चारही तुकड्यांना पाच बोटी जोडतात. ग्लासगोहून रेल्वेने आर्ड्रॉसन बंदर गाठायचे. तिथून ॲरनवरच्या ब्रॉडिकला जायचे. ही बोट पंचावन्न मिनिटांची. बेटाच्या उत्तर टोकाच्या लॉक्रॅन्झाहून अर्ध्या तासात क्लोनेगला. मग टार्बर्ट ते पोर्टावाडी पंचवीस मिनिटे, कोलिनट्रायव्हहून ब्यूट बेटावर पाच मिनिटे आणि शेवटी रॉथसीहून वीम्स बे स्थानकापर्यंत पस्तीस मिनिटे. तिथे ग्लासगोची गाडी उभीच असते. मधले सायकलचे अंतर जेमतेम नव्वद किलोमीटर. तिथल्या सायकलस्वारांत ही 'पाच बोटींची फेरी' प्रसिद्ध आहे आणि धट्टेकट्टे लोक ती एका दिवसात पुरी करतात.

"आपणही एका दिवसात करायची," दादाने जाहीर केले. मी लगेच होकार भरला. एका दिवसात पाच बोटी आणि दोन बेटे! मोजायला यापेक्षा आणखी काय हवे?

तेवढ्यात काकांनी वर्तमानपत्रातून डोके वर काढले. "मीपण आलो तर?"

काकांचे वय तेव्हा एकसष्ट. आदल्याच वर्षी त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवला होता. डॉक्टरांनी सायकल चालवायला मनाई केली नव्हती. उलट रोज थोडी चालवा, दम लागला की थांबा, असे सांगितले होते. लहानपणी साताऱ्यात भाड्याची सायकल तासावर घेऊन फिरवलेला हा माणूस आता उद्यानात सकाळी चकरा मारत असे. दादाने वेळापत्रक समोर ओढले, थोडी आकडेमोड केली आणि म्हणाला, "बाबा, नाही जमायचं. लॉक्रॅन्झाची बोट चुकली की पुढच्या सगळ्या चुकतात." काका म्हणाले, "बरोबर आहे. तुम्ही दोघं जा. मी वीम्स बेला मोटार घेऊन येतो." आणि त्यांनी वर्तमानपत्र पुन्हा डोळ्यांपुढे धरले. पान मात्र बराच वेळ उलटले नाही. ते न उलटलेले पान मी पाहिले आणि माझ्या होकाराची मला लाज वाटली.

मग मी ते वेळापत्रक स्वतः वाचायला घेतले. भूगोलाच्या नकाशाप्रमाणेच वेळापत्रकही वाचावे लागते, नुसते पाहून चालत नाही, हे मला त्या रात्री कळले. पहिली गोष्ट अशी की जूनमध्ये तिकडे रात्री दहापर्यंत उजेड असतो, पण बोटी काही उजेडावर चालत नाहीत. त्या आपल्या ठरल्या वेळी बंद होतात. म्हणून बेत आखायचा तो सूर्यास्तावरून नव्हे, तर शेवटच्या बोटीवरून, आणि तोही मागून पुढे. शेवटची बोट किती वाजता, तिच्या आधीची किती वाजता, आणि ती चुकली तर निजायचे कुठे? दुसरी गोष्ट म्हणजे सायकल घेऊन जाणाऱ्याला तिकडे मोठी मोकळीक आहे. रेल्वेत आणि बोटीत सायकलीचे वेगळे भाडे पडत नाही. उन्हाळ्यात ब्रॉडिकच्या बोटीवर मोटारीची जागा आठवडेच्या आठवडे आधी धरावी लागते. सायकलवाला मात्र बहुधा आयत्या वेळी येऊन चढू शकतो. म्हणजे एका दिवसाचे तीन दिवस केले, तर वाढणारा खर्च फक्त दोन रात्रींच्या मुक्कामाचा.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. माझा सगळा मुद्दा तिच्यावरच उभा आहे. समजा, दादा लॉक्रॅन्झाला काकांच्या तासभर आधी पोचला. पुढे काय? धक्क्यावर उभा राहून त्याच बोटीची वाट पाहणार! दोन बोटींच्या मधल्या वेळात जो पोचला तो पहिला असो की शेवटचा, सुटायचे सर्वांनी एकत्रच. रस्ता माणसांना मागेपुढे करतो, बोट त्यांना पुन्हा एका ओळीत आणते. मग वेगवान माणसाच्या घड्याळावर बेत आखून आपण मिळवतो काय? धक्क्यावरचा एक तास. आणि गमावतो काय, तर एक माणूस.

हे मी दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या वेळी मांडले. दादा चिडला. त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे होते असे नाही, म्हणून तेही प्रामाणिकपणे सांगते. तो म्हणाला, "जोरात सायकल मारण्यातही आनंद असतो. हळू जाणाऱ्यासाठी प्रत्येकाने आपला आनंद का सोडायचा?" मला हे मान्य आहे. पाच बोटींची फेरी एका दिवसात करणे हा उत्तम व्यायाम आहे आणि ज्याला ती शर्यत घड्याळाशी लावायची असेल त्याने खुशाल लावावी. मात्र तिला शर्यत म्हणावे, सहल म्हणू नये. शर्यतीत मागे राहणारा हरतो. सहलीत कुणी मागे राहिला तर सहलच हरते. अखेर मावशीने निकाल दिला, "तीन दिवस. आणि रोज रात्री फोन."

अशी आमची वाटणी झाली. पहिला दिवस ब्रॉडिक ते लॉक्रॅन्झा, तेवीस किलोमीटर. डाव्या हाताला ८७४ मीटर उंचीचे गोटफेल शिखर, उजव्या हाताला समुद्र, आणि शेवटी दोनशे मीटरांची एक खिंड. दुसऱ्या दिवशी क्लोनेग ते टार्बर्ट आणि बोटीपलीकडचे आणखी थोडे, मिळून पंचवीसच्या आत. तिसरा दिवस मोठा, चाळिसाच्या वर, कारण तोवर काकांच्या पायांना सवय होईल असा हिशेब. तिकडचा वारा बहुतकरून नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून आर्ड्रॉसनहून सुरुवात केली की उत्तरेकडे जाताना तो पाठीवर राहतो. उलट दिशेने निघालो तर तोच छातीवर. क्लोनेगच्या धक्क्यावर दुकान नाही, तेव्हा खाणे आदल्या गावातून बांधून घ्यायचे. संध्याकाळी वारा पडला की 'मिज' नावाची बारीक चिलटे फोडून खातात, म्हणून थांबायचे ते वाऱ्याच्या जागी. आणि रोजच्या बोटीपुढे एक बोट मोकळी सोडायची. चुकलीच तर पुढची आहे, या विश्वासाने.

ती मोकळी बोट दुसऱ्याच दिवशी कामी आली. क्लोनेगहून चढ लागला आणि काका सायकलवरून उतरून चालू लागले. मी त्यांच्याबरोबर चालले. दादा पुढे निघून गेला. आम्ही टार्बर्टच्या धक्क्यावर पोचलो तेव्हा बोट सुटून पाण्यात शंभर हात गेली होती आणि दादा काठावर उभा होता. त्याला ती सहज मिळाली असती. तो काही बोलला नाही, बटाट्याच्या गरम चिप्सची पुडी तेवढी पुढे केली. पुढच्या बोटीपर्यंत आम्ही तिघे मासेमारीच्या होड्या पाहत बसलो. त्या वेळात काकांनी साताऱ्यातल्या सायकलच्या दुकानदाराची गोष्ट सांगितली. दादाने ती त्याआधी कधीही ऐकली नव्हती.

पलीकडच्या पोर्टावाडीत मला बेत आखण्याविषयीचा आणखी एक धडा मिळाला. नावात 'वाडी' असल्याने गाव उगीच आपले वाटले होते. १९७०च्या दशकात समुद्रातल्या तेलासाठी मोठे फलाट बांधायचे म्हणून तिथे सरकारी खर्चाने प्रचंड गोदी खणली आणि शेजारी कामगारांसाठी पॉलफेल नावाची वसाहत उभारली. गोदीला एकाही फलाटाची मागणी आली नाही. वसाहतीत कामगार कधी राहायला आलेच नाहीत. २०१६ मध्ये ती पाडून टाकली. आता त्या खोल गोदीत हौशी लोकांच्या नौका उभ्या असतात. कागदावर तो बेत किती नेटका असेल! खोल्या होत्या, रस्ते होते. राहायला माणूस मात्र नव्हता.

तिसऱ्या दिवशी टायनाब्रूइक गावापुढचा चढ पार केला आणि खाली ब्यूटची सामुद्रधुनी पसरलेली दिसली. हिरव्या टेकड्यांमधून पाण्याचा चिंचोळा पट्टा वळत जातो. काका कठड्याला सायकल टेकवून बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "तीस वर्षं झाली या देशात. इथून चारदा तरी गेलो असेन, मोटारीनं. थांबलो कधीच नाही." दादा काही न बोलता त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला. त्या कठड्याशी कुणालाही घाई नव्हती, एवढे मला आठवते.

कोलिनट्रायव्ह या नावाचा गेलिक अर्थ 'पोहण्याची सामुद्रधुनी'. पूर्वी बेटावरची गुरे बाजाराला नेताना इथून पोहवत आणीत. कळपातल्या अशक्त जनावरावर नजर ठेवल्याशिवाय गुराखी पाण्यात शिरला नसेल, असे त्या पाच मिनिटांच्या बोटीवर माझ्या मनात आले. संध्याकाळी वीम्स बेला उतरलो. १९०३ सालचे ते स्थानक म्हणजे एकाच छपराखाली बांधलेले रेल्वे आणि बोट. धक्क्यापासून फलाटापर्यंत काचेच्या छताखाली एक रुंद, वळणदार उतार आहे. त्यावरून म्हातारे, लेकुरवाळे, सायकलवाले असे सगळे एकाच लोंढ्यात गाडीकडे वाहत जातात. ज्याने हा उतार आखला त्याच्या डोळ्यांपुढे जिना न चढवणारा प्रवासी असला पाहिजे.

या सेवांत सारे आलबेल आहे असे मात्र कुणी समजू नये. ॲरनसाठी २०१५ मध्ये मागवलेले नवे जहाज प्रवाशांच्या सेवेत आले ते जानेवारी २०२५ मध्ये, आणि तेही ट्रून बंदरातून, कारण आर्ड्रॉसनचा धक्का त्याला पुरेसा नव्हता. तेव्हा निघण्यापूर्वी बोट कुठल्या बंदरातून सुटते याची खात्री करून घ्यावी. बेटावरच्या माणसाला ही बोट म्हणजे दवाखाना, शाळा आणि बाजार. उन्हाळी पाहुण्याच्या मोटारीने तिच्यावरची जागा अडवली की त्याची खोळंबा होतो. सायकलवाला निदान तेवढी जागा तरी अडवत नाही. हादेखील दोन चाकांच्या बाजूचा एक मुद्दा आहे.

असो. दूरच्या बेटांची ही कथा आपल्या महाविद्यालयाच्या अंकात कशासाठी? तर आपल्या सहलींसाठी. आपण गड चढतो तेव्हा पुढचे वर जाऊन बसतात. मागची एखादी मैत्रीण धापा टाकीत पोचली की सगळे म्हणतात, "चला, आली, निघा!" म्हणजे पुढच्यांना विश्रांती मिळते आणि जिला तिची खरी गरज आहे तिला ती कधीच मिळत नाही. पुढच्या वर्षी ती सहलीला नावच देत नाही आणि आपण म्हणतो, तिला आवडच नाही. दम्याचा त्रास असलेला विद्यार्थी, निवृत्तीला आलेले सर, कुबडी घेऊन चालणारा मित्र यांनी सूचनाफलकापुढे उभे राहून आपण होऊन मागे फिरावे, असा बेत आपण दर वर्षी आखतो आणि त्याला वेळापत्रक म्हणतो.

माझी सूचना साधी आहे. यंदाची नोटीस लिहिताना ठिकाणांची संख्या शेवटी लिहावी. आधी विचारावे, आपल्यात सर्वांत हळू कोण चालतो? त्याच्या पावलाने अंतर मोजावे, एक बोट मोकळी सोडावी, आणि मग उरलेल्या वेळात जितकी ठिकाणे बसतील तितकी बसवावीत. नऊची पाच होतील. होऊ देत. पुढे गेलेल्यांना थोडे थांबावे लागेल एवढेच. आणि थांबणाऱ्याने चिप्सची पुडी घेऊन ठेवायला कुणाची हरकत नसावी.