पाच किलो धान्य आणि एक अंडे

महागाई वाढली की पांढरपेशी वर्तमानपत्रे काटकसरीचे धडे देऊ लागतात. यादी करूनच दुकानात जा, महिन्याचा किराणा एकदम भरा. सल्ला वाईट नाही. पण ज्याची मजुरी रोज संध्याकाळी हातात पडते आणि जो सुटे तेल आणतो, त्याने महिन्याचा किराणा कशाने भरायचा?

रेशनचा हिशेब पाहा. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना 5 किलो धान्य मिळते, जानेवारी 2023 पासून मोफत. दिवसाला 165 ग्रॅमच्या आसपास. हा हक्क आहे, कुणाचा उपकार नव्हे. पण त्यात डाळ नाही, तेल नाही. 2022 च्या दिवाळीला शंभर रुपयांत रवा, साखर, हरभरा डाळ आणि पामतेल दिले, त्याला ‘आनंदाचा शिधा’ म्हटले. गरिबाने डाळ सणालाच खायची काय? नुसत्या धान्याने पोट भरते, अंग भरत नाही.

कमी पैशांत अंग कसे भरायचे, हे आमच्या आया-आज्यांना पक्के ठाऊक होते. बांधावरचा तांदुळजा, घोळ, शेवग्याचा पाला. मोड आलेली मटकी. भाकरीवर सुकटीची चटणी. बाजाराच्या दिवशी वजडी, नाहीतर मुंडी. (एवढे रांधून स्वतः शेवटी, तळाचा रस्सा पुसून जेवणाऱ्याही त्याच. ही रीत आम्हीच मोडली पाहिजे.) 1927 साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडायला सांगितले, ते लाचारी सोडण्यासाठी. आम्ही मात्र त्यातून आपल्या सगळ्याच जेवणाची लाज शिकलो. फ्लॅटमध्ये गेलेले आमचे काही बांधव सुकट भाजताना खिडक्या लावून घेतात, आणि पोराच्या हाती पाच रुपयांचे चटकदार पाकीट देतात.

ताटात काय असावे हे ठरवण्याचा हक्क कुणाचा, हा प्रश्न जुनाच आहे. जयपूर संस्थानातील चकवाडा गावी अस्पृश्यांनी जेवणावळीत तूप वाढले म्हणून सवर्ण लाठ्या घेऊन तुटून पडले. बाबासाहेबांनी 1936 च्या ‘जातिनिर्मूलन’ ग्रंथात ते नोंदवले आहे. तूप त्यांच्याच पैशांचे होते! 2015 साली महाराष्ट्रात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली आणि गरिबाचे स्वस्त मांस गेले. नोव्हेंबर 2023 मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे द्यायचे ठरले, तर त्यावरही विरोधाचे काहूर उठले. न खाणाऱ्यांना केळे मिळणार होते तरी! जानेवारी 2025 मध्ये सरकारने अंड्यासाठी निधी देणार नाही, शाळांनी लोकसहभागातून सोय करावी, असे सांगितले. जिथे पालकच मजूर आहेत, तिथे लोकसहभाग द्यायचा कुणी?

म्हणून आमची मागणी साधी आहे: रेशनवर बारमाही डाळ आणि तेल, शाळेत सरकारी खर्चाने अंडे. शाळा व्यवस्थापन समितीत पालकांचे बहुमत असते. वस्तीतल्या आयाबहिणींनी पुढच्या बैठकीला जावे, अंड्याचा ठराव लेखी मांडावा आणि त्याची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्याकडे देऊन पोच घ्यावी.